माणसं गेली, मग उंदीर गेले

२९ ऑगस्ट १९३० च्या सकाळी हिरता बेटावरच्या उरलेल्या ३६ जणांनी घरं सोडली. प्रत्येक घरात एक बायबल उघडं ठेवलं, शेजारी मूठभर ओट्स. कुत्री बरोबर नेता येणार नव्हती, ती आधीच समुद्रात बुडवली होती. मग सगळे 'हेअरबेल' या आरमारी जहाजावर चढले.

हिरता हे सेंट किल्डा द्वीपसमूहातलं सगळ्यात मोठं बेट. स्कॉटलंडच्या पश्चिमेला आउटर हेब्रिडीज बेटं आहेत, त्यांच्याही पलीकडे साधारण ६४ किलोमीटर, भर अटलांटिकमध्ये. पाच-सहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीचे हे उरलेसुरले अवशेष. झाड औषधालाही नाही. कोनाखैर शिखराचा कडा चारशेहून जास्त मीटर सरळ समुद्रात उतरतो.

इथली माणसं जगली ती पक्ष्यांवर. दोर लावून कड्यावर उतरायचं आणि फुलमार, गॅनेट, पफिन पकडायचे. फुलमारच्या पोटातलं तेल दिव्यात जळे, पिसं जमिनीच्या भाड्यापोटी जात. मांस टिकवायला दगडी कोठ्या होत्या, त्यांना 'क्लेट' म्हणतात. दगडांमध्ये चुना-माती काही नाही, मुद्दाम फटी ठेवलेल्या. वारा आत शिरून मांस सुकवतो, वरची गवताळ माती पाऊस अडवते. हजाराहून जास्त क्लेट अजून उभे आहेत. विजेशिवाय चालणारं हे शीतघर मला तरी बायबलपेक्षा जास्त बोलकं वाटतं.

आता उंदरांकडे. इथे दोन जातींचे उंदीर होते, घरचा आणि रानातला. एकाकीपणात दोघांच्याही वेगळ्या उपजाती तयार झाल्या होत्या. रानउंदीर तर मुख्य भूमीवरच्या भाऊबंदांच्या जवळपास दुप्पट वजनाचा. माणसं गेल्यावर चूल विझली, धान्य संपलं. त्यात ओसाड घरांत रानउंदीर घुसले. घरउंदीर काही वर्षांतच नामशेष झाला. माणसाच्या आधारावर वाढलेली उपजात माणसाबरोबरच संपली.

मेंढ्यांचं उलट झालं. १९३२ मध्ये शेजारच्या सोए बेटावरून १०७ मेंढ्या हिरतावर सोडल्या. त्यांना ना मेंढपाळ, ना लांडगा. १९८५ पासून त्यांचा सलग अभ्यास चालू आहे. एखाद्या कडक हिवाळ्यात निम्म्याहून जास्त कळप मरतो, मग पुन्हा वाढतो. आणि गंमत म्हणजे या मेंढ्या हळूहळू लहान होत गेल्या आहेत. हिवाळे सौम्य झाल्याने, एरवी मेली असती अशी किरकोळ कोकरंही आता तग धरतात. आज त्या पडक्या घरांच्या भिंतींआड वाऱ्यापासून आडोसा घेऊन बसतात त्याच.