आमवातावरील औषधोपचार

आमवात (संधिवाताभ संधिशोथ) या आजारात प्रतिकारशक्ती सांध्यांच्या आतल्या अस्तरावरच उलटते. स्त्रियांमध्ये तो पुरुषांच्या दोन-तीन पट आढळतो. बोटांची पेरे सुजतात, सकाळी बराच वेळ आखडून राहतात. खानदेशात कापूस वेचणाऱ्या, पहाटे कळण्याची भाकरी थापणाऱ्या बाईचे सगळे काम याच पेरांवर चालते. उपचार लांबला की ती कायमची वाकडी होऊ शकतात. नंदुरबारच्या सातपुडा पट्ट्यात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारामुळेही सांधे ठणकतात, म्हणून आधी निदान पक्के हवे.

वेदनाशामक गोळीने ठणका कमी होतो, सांध्याची झीज थांबत नाही. स्टेरॉइडचा गुण झटपट येतो. १९४८ मध्ये अमेरिकी डॉक्टर फिलिप हेंच यांनी कॉर्टिझोन हे स्टेरॉइड दिले तेव्हा अंथरुणाला खिळलेले रुग्ण चालू लागले; पण दीर्घकाळ घेतल्यास हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते. म्हणून मूळ औषध लागू पडेपर्यंतच ते थोड्या मात्रेत देतात. नाव न सांगता पुडीतून मिळणाऱ्या ‘वाताच्या गोळ्यां’त स्टेरॉइड असू शकते. अशी गोळी बरेच दिवस घेतली असेल, तर एकदम बंद करणेही धोक्याचे. डॉक्टरांना पुडी दाखवावी.

मूळ औषध म्हणजे मेथोट्रेक्सेट. स्वस्त आहे, गुणकारी आहे, मात्र ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, साधारण ७.५ ते २५ मिलिग्रॅम. रोज घेतल्यास रक्तपेशी तयार करणारी अस्थिमज्जा निकामी होऊन जीव जाऊ शकतो. चिठ्ठीवर वार लिहून घ्यावाच. गावच्या आठवडी बाजाराचा वार धरला तर चूक टळते. सोबत फॉलिक ॲसिड देतात. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात आणि नेमके याच काळात ‘फरक नाही’ म्हणून औषध सोडले जाते. रक्तपेशी, यकृत व मूत्रपिंडाच्या तपासण्या नियमित लागतात, दारू टाळावी.

हायड्रॉक्सीक्लोरोक्विन (डोळ्यांची तपासणी आवश्यक), सल्फासलाझिन आणि लेफ्लुनोमाइड ही औषधे एकेकटी किंवा जोडीने देतात. गरोदरपणात मेथोट्रेक्सेट व लेफ्लुनोमाइड वर्ज्य. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन व सल्फासलाझिन डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालू ठेवता येतात.

एवढ्याने आजार आटोक्यात आला नाही, तर ॲडालिमुमॅब, इटानरसेप्ट, रिटुक्सिमॅब ही जैविक (सजीव पेशींपासून बनवलेली) इंजेक्शने किंवा टोफासिटिनिबच्या गोळ्या. भारतीय बनावटीच्या जैवसदृश (मूळ जैविक औषधाशी मिळत्याजुळत्या) औषधांमुळे किंमत उतरली, तरी शेतमजुराला इंजेक्शने जडच जातात. ही औषधे सुरू करण्यापूर्वी क्षयरोगाची तपासणी करतात, कारण त्यांच्यामुळे, विशेषतः ॲडालिमुमॅबसारख्यांमुळे, शरीरात दबून असलेला क्षय उफाळू शकतो.