बोधन-वर्तन कोचिंग

बोधन-वर्तन कोचिंग : माणसाचा विचार, भावना आणि वागणे यांची साखळी उलगडून त्याला अडलेल्या कामात पुढे सरकायला मदत करणारी संवादपद्धती. कोकणात ‘कोचिंग’ म्हटले की दहावी-बारावीचा क्लासच आठवतो. तो अर्थ इथे नाही. मार्गदर्शक शिकवत नाही, प्रश्न विचारतो.

या पद्धतीची मुळे मानसोपचारात आहेत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये आणि मानसोपचारतज्ज्ञ आरन बेक यांनी १९६० च्या दशकात मांडलेले विचार पुढे ब्रिटनमध्ये मायकेल नीनन, स्टीफन पामर आदींनी आजारी नसलेल्या माणसांसाठी वळवून घेतले. घटनेपेक्षा तिच्याविषयीचा विचार अधिक त्रास देतो, असे मानणारी एलिस यांची विवेकनिष्ठ विचारसरणी महाराष्ट्रात किशोर फडके यांनी रुजवली. कोकण विभागातच मोडणाऱ्या ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये उभारलेल्या संस्थेने ती सामान्य मराठी माणसापर्यंत नेली.

हापूसच्या बागायतदाराचे उदाहरण घेऊ. अवकाळी पाऊस पडतो, मोहोर काळा पडतो, ही घटना. ‘औंदा काय खरा नाय’ हा विचार. मग वाचलेल्या मोहोरावरची फवारणीही राहते, हा परिणाम. मार्गदर्शक विचारतो : किती कलमांचा मोहोर गेला, मोजलात? मागे असे झाले तेव्हा काय केलेत? उद्या सकाळी बागेत गेल्यावर पहिले काम कोणते? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण नुसता विचार बदलून भागत नाही. त्याला कृतीची जोड लागते.

एलिस यांच्या मते त्रासाचे मूळ हट्टी मागणीत असते. मराठीत ती बहुधा ‘च’ या एका अक्षरात लपते : ‘पाऊस वेळेवर यायलाच हवा’, ‘नव्वदच्या वर पडायलाच हवेत’. दहावी-बारावीच्या निकालात कोकण मंडळ वर्षानुवर्षे राज्यात पहिले येते, त्यामुळे इथल्या मुलांच्या बोलण्यातही हा ‘च’ ऐकू येऊ शकतो. तो गाळून वाक्य पुन्हा म्हणायला लावणे हा साधा वाटणारा, पण चांगला लागू पडणारा सराव आहे. इच्छा तशीच राहते, फक्त धमकी निघून जाते.

परिणामकारकतेचे पुरावे आशादायक आहेत, भक्कम म्हणावेत इतके नाहीत. ऑस्ट्रेलियात २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ५६ शाळकरी मुलींपैकी ज्यांना दहा सत्रे मिळाली त्यांची आशा व मानसिक कणखरता वाढली, नैराश्य घटले. त्यात या पद्धतीला उपायकेंद्री, म्हणजे अडचणीपेक्षा तोडग्यावर भर देणाऱ्या, पद्धतीची जोड होती, त्यामुळे सगळे श्रेय एकटीचे नव्हे. टिम थेबूम व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये नोकरदारांच्या कोचिंगवरील १८ अभ्यास एकत्र तपासले. ध्येयपूर्ती, कामाविषयीची वृत्ती आणि ताण पेलण्याची क्षमता या साऱ्यांत सुधारणा दिसली. मात्र अशा अभ्यासांत गट लहान असतात आणि बरीच मोजमापे सहभागींनी स्वतःच भरलेल्या प्रश्नावल्यांवर बेतलेली असतात.

परिस्थितीवर हा उतारा नव्हे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. त्या काळात खलाशाला मिळकतीची चिंता वाटली तर तिला चुकीचा विचार ठरवणे हा मार्गदर्शकाचा आगाऊपणा होय. तिथे बोलायचे ते खर्चाच्या आखणीवर. आणि झोप-भूक उडालेली असेल, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर कोचिंग तिथेच थांबवून माणसाला डॉक्टरांकडे पोचवावे लागते. रत्नागिरीत शासनाचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. टेलिमानस या शासनाच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीची १४४१६ ही मोफत सेवा चोवीस तास चालू असते.