ठाण्याच्या वहीत ३२ बोरच का?

निवडणूक लागली की आमच्या तालुक्यातले परवानाधारक हत्यारं ठाण्यात जमा करतात. कोणी दुपट्ट्यात गुंडाळून आणतो, कोणी शिवलेल्या खोळीत. हवालदार काडतुसं टेबलावर उभी मांडून मोजतो आणि वहीत लिहितो, ३२ बोर, म्हणजे नावाने .३२ इंच व्यासाच्या नळीचं. पुढच्याचीही ३२, त्याच्या पुढच्याचीही. बाहेर टपरीवर मात्र वाद रंगतो तो नऊ एमएम (मिलिमीटर) भारी की पंचेचाळीस (.४५ इंच) याचा. दोन्हींपैकी एकही कोणी हातात धरलेली नसते.

ही ३२ कोणी ताकद पाहून निवडलेली नाही, ती कायद्याने उरलेली आहे. फौजेची काडतुसं चोरीला गेली तरी खासगी हत्यारात बसू नयेत, म्हणून इंग्रजांनी फौजेचे बोर प्रजेला बंद केले. १९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे नियमही त्याच वाटेने गेले. फौजेचं .३८०, .४५५ किंवा नऊ एमएम काडतूस ज्यात बसेल, ते पिस्तूल-रिव्हॉल्वर प्रतिबंधित. त्यामुळे कानपूरच्या सरकारी कारखान्यातली रिव्हॉल्वर .३२ चीच, २०१४ ची ‘निर्भीक’सुद्धा. नाव ३२, गोळी मात्र .३१२ इंचाची!

या रिव्हॉल्वरचं लांब काडतूस अमेरिकी कंपनी स्मिथ अँड वेसनचं, १८९६ चं. सोनाराच्या जुन्या, ११.६६ ग्रॅमच्या तोळ्यात सांगायचं तर त्याची गोळी अर्ध्या तोळ्याहून जराशी जड, वेग सेकंदाला साधारण २२० मीटर, ऊर्जा दीडशे ज्यूलच्या आसपास. नऊ एमएमची गोळी ८ ग्रॅमची, वेग ३५० मीटर. पंचेचाळीसची सव्वा तोळ्याची, पण वेग २५५. नळीची लांबी आणि दारू बदलली की आकडे हलतात, तरी हिशेब मांडून पाहा : दोन्हींची ऊर्जा पाचशे ज्यूलच्या जवळपासच येते. वजन दुप्पट केलं तर ऊर्जा दुप्पट, वेग दुप्पट केला तर चौपट. टपरीवरचा वाद इथेच संपायला हवा.

तो मुळात पेटला फिलिपिन्समध्ये. तिथल्या मोरो लढवय्यांपुढे अमेरिकी फौजेची .३८ कमी पडते अशी ओरड झाली. मग १९०४ मध्ये थॉम्पसन आणि लागार्ड या फौजी अधिकाऱ्यांनी शिकागोच्या कत्तलखान्यातल्या जिवंत गुरांवर गोळ्या झाडून पाहिल्या आणि पंचेचाळीसच्या बाजूने कौल दिला. मोजमाप म्हणून ती चाचणी कच्चीच होती. १९८६ मध्ये मायामीत दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीनंतर एफबीआय या अमेरिकी तपास संस्थेने मांसासारख्या मऊ जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी १२ ते १८ इंच शिरली पाहिजे अशी कसोटी धरली. १९९० मध्ये .४० चं काडतूस आलं, पुढे एफबीआयनेही ते घेतलं. मग गोळ्याच सुधारल्या आणि एफबीआय पुन्हा नऊ एमएमकडे वळली.

हरभऱ्यात शिरलेल्या रानडुकरासाठी यातलं काहीच कामाचं नाही. पीक संरक्षणाला लागते ती बारा बोरची बंदूक. तो आकडा तर व्यासाचाही नाही : नळीत बरोबर बसतील अशा शिशाच्या १२ गोळ्यांचं वजन १ पौंड, म्हणून बारा बोर. तरी डुक्कर मारायला वन खात्याची परवानगी लागतेच, म्हणून जागलीला निघालेल्या कास्तकाराच्या खिशात सुतळी बॉम्ब असतो.