लीन केल्याने सिलिंडर जळतो? आधी काटा कुठला ते बघा

छोट्या विमानाच्या कॉकपिटातला लाल नॉब आत ढकलला की मिक्स्चर (हवा-पेट्रोलचं मिश्रण) रिच, म्हणजे पेट्रोल जास्त; बाहेर ओढला की लीन, म्हणजे पेट्रोल कमी. वर हवा विरळ होते म्हणून पेट्रोल कमी करायचं. सेस्ना विमानात दहा तास काढलेल्यालाही हे पाठ असतं. तरीही "फार लीन करू नकोस, सिलिंडर जळेल" हे वाक्य एक पिढी दुसरीला देतच राहते, कारण ईजीटी आणि सीएचटी हे एकच तापमान समजलं जातं.

ईजीटी म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराचं तापमान. सीएचटी म्हणजे सिलिंडरच्या हेडचं. नॉब हळूहळू ओढत जा: ईजीटीचा काटा चढतो, एका जागी टेकतो आणि उतरू लागतो. ते टोक म्हणजे पीक. पण हेड त्या क्षणी सगळ्यात गरम नसतं. ते त्याच्या आधीच, पीकपासून साधारण 25 ते 50 अंश फॅरनहाइट रिच बाजूला, सगळ्यात जास्त तापून गेलेलं असतं. तिथे मिश्रण झपाट्याने जळतं, पिस्टन वर असतानाच दाब कळसाला पोचतो आणि हेड त्यात भाजून निघतं. पीक ओलांडून लीन बाजूला गेलात की ज्वलन मंदावतं, दाबाचा कळस उशिरा येतो आणि हेड थंड होत जातं.

म्हणजे घाबरून "थोडंसंच" लीन करणारा नेमका सगळ्यात तापट जागी थांबतो. सेस्ना 172एसच्या पुस्तकातही 'रेकमेंडेड लीन' पीकच्या 50 अंश रिच बाजूलाच आहे. 65 टक्के पॉवरला त्याने काही बिघडत नाही. जास्त पॉवरला मात्र मी तिथे कधीच थांबत नाही.

"ईजीटी 1400 चालेल का?" हा प्रश्न तर विचारूच नका. प्रोब (तापमान मोजणारा सेन्सर) एक्झॉस्ट पाइपात कुठे बसवलाय त्यावर तो आकडा बदलतो. पीकपासूनचं अंतर मोजा. सीएचटीचा आकडा मात्र शब्दशः घ्या: बऱ्याच लायकमिंग इंजिनांची मर्यादा 500 अंश फॅरनहाइट आहे, मी 400च्या वर जाऊ देत नाही.

लीन करताना इंजिन थरथरलं तर ते काही फुटत नाहीये. कार्ब्युरेटर चारही सिलिंडरांना सारखं पेट्रोल पोचवत नाही, त्यामुळे एक आधी उपाशी राहतो. अशा इंजिनात मी थरथर थांबेपर्यंत नॉब परत आत नेतो आणि 100 अंश रिचवर ठेवतो. इंजेक्शनचं इंजिन आणि प्रत्येक सिलिंडरला प्रोब असेल, तर क्रूझला (उंची गाठून सरळ उडताना) पीकच्या 20 अंश लीन बाजूला. वेग थोडा जातो, पेट्रोल बरंच वाचतं. टेकऑफला, खालच्या उंचीवर, नॉब पूर्ण आत.