उघड्या माइकांचे गणित

सिंधुदुर्गातल्या एखाद्या वाडीत देवळाच्या वर्धापनदिनाला संध्याकाळी बुवांचे भजन, मग रत्नागिरीकडून आलेले जाखडी या लोकनृत्याचे पथक, त्यानंतर गावातल्या मुलांची चित्रपटगीते आणि शेवटी दशावतार हे लोकनाट्य असा बेत असतो, तेव्हा सर्वांत जास्त घाम फुटतो तो मंडपाच्या कडेला मिक्सरपाशी बसलेल्या साउंडवाल्याला. चारही प्रकारांची वाद्ये, बसण्याच्या जागा आणि गळे निराळे असतात. मंच, स्पीकर आणि वेळ मात्र सर्वांना मिळून एकच असते.

त्याची पहिली भीती शिट्टीची. माइकने पकडलेला आवाज मोठा होऊन स्पीकरमधून बाहेर पडतो आणि त्याचा काही अंश पुन्हा त्याच माइकमध्ये शिरतो. परतलेला अंश मूळ आवाजाइतका किंवा त्याहून मोठा असला आणि त्याच्या लहरींचे चढउतार मूळ लहरींशी जुळले, की ती एक कंप्रता (म्हणजे त्या उंचीचा स्वर) फेरीगणिक वाढत जाऊन कानठळ्या बसवते. डॅनिश शास्त्रज्ञ सोरेन लार्सन यांच्या नावावरून या प्रकाराला ‘लार्सन परिणाम’ म्हणतात. सुरू असलेल्या माइकांची संख्या दुप्पट झाली, की शिट्टी सुरू होण्याआधी आवाज जितका वाढवता येतो त्यात सुमारे ३ डेसिबलची (डेसिबल हे आवाजाच्या पातळीचे माप) घट होते. म्हणजे एकाऐवजी सोळा माइक उघडे राहिले, संख्या चारदा दुप्पट झाली, तर १२ डेसिबल हातचे जातात. उलट, तोंड आणि माइक यांतले अंतर निम्मे झाले की सुमारे ६ डेसिबल मिळतात. वीस सेंटिमीटरवरून गाणारे बुवा पाच सेंटिमीटरवर आले, तर तेच १२ डेसिबल परत येतात. ‘माइक जवळ घ्या’ ही साउंडवाल्याची विनवणी यासाठी असते, पण पेटीवर बसलेल्या बुवांना मान वळवून समोरच्यांना टोमणाही मारायचा असतो.

भजनात झांजेला माइक लागत नाही. ती शेजारच्या प्रत्येक माइकमध्ये आपणहून शिरते आणि तिचा तीव्र किणकिणाट शब्दांतली व्यंजने झाकून टाकतो. पखवाजाची गोष्ट उलटी आहे. त्याच्या उजव्या पुडीवरच्या (चामड्याच्या तोंडावरच्या) शाईमुळे, म्हणजे काळ्या लेपामुळे, तिचे उपस्वर सुरेल प्रमाणात येतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये दाखवले होते, आणि तो खणखणीत बोल समोरच्यांपर्यंत तसाही पोहोचतो. त्यामुळे माइक एकच उरला असेल तर तो कणीक लावलेल्या डाव्या पुडीकडे द्यावा, असे माझे मत आहे.

जाखडीत गायक-वादक मध्ये बसतात आणि नाचणारे त्यांच्याभोवती फिरतात. त्यांच्या पायांचे दणके फळ्यांतून स्टँडवाटे माइकमध्ये चढतात, म्हणून गाण्याच्या माइकांवर साधारण १०० हर्ट्‌झखालचा आवाज कापून टाकावा लागतो.

जाणकार मंडळी तालमीचा क्रम उलटा ठेवतात. शेवटच्या पथकाची चाचणी आधी घेतली, की पहिल्या पथकाची मांडणी मंचावर तशीच राहते. डिजिटल मिक्सरमध्ये प्रत्येक पथकाची जुळणी साठवून ठेवता येते आणि एका बटणावर परत आणता येते. मात्र मधल्या वेळात कोणी माइक उचलून पेटीवरून ढोलकीसमोर ठेवला, तर त्या यंत्राला त्याचा पत्ता नसतो.

खरी परीक्षा दशावतारात होते. संवाद उत्स्फूर्त असतात, लिखित संहिता नसते, त्यामुळे पुढचे वाक्य कोण बोलणार हे मिक्सरवरच्या माणसाला कळण्याचा मार्ग नसतो. नट माइकपासून एक-दोन मीटरवर वावरतात, म्हणून मंचाच्या पुढच्या कडेचे माइक बरेच चढवावे लागतात आणि त्याची किंमत म्हणून आधीच्या तिन्ही पथकांचा एकूण एक माइक बंद ठेवावा लागतो.

तोवर हवाही बदललेली असते. रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते आणि ध्वनिलहरी खाली वाकून दूरच्या वाडीपर्यंत जातात. दमट हवेत आवाज दबतो ही समजूत चुकीची आहे. तीव्र स्वर कोरड्या हवेत अधिक शोषले जातात. म्हणून रात्री आवाज कमी करावा लागतो, आणि तसे केले की पखवाजाचा घुमारा आधी हरवतो, कारण हळू आवाजात आपला कान खर्ज स्वरांना कमी दाद देतो.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० नंतर उघड्यावर स्पीकर लावता येत नाहीत. राज्य सरकार सवलत देईल त्या, वर्षातल्या जास्तीत जास्त १५ दिवशी ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत वाढते. बारा वाजता मिक्सर बंद झाल्यावर खेळ उरलाच असेल, तर मागे बसलेल्यांनी आपल्या चटया पुढे ओढाव्यात. अंतर निम्मे झाले, तर विजेशिवाय ६ डेसिबल मिळतात.