मूल अठरा वर्षांचं झालं की आईबापाची सही का चालत नाही? पालकत्व प्रमाणपत्राचा अर्ज कसा करायचा

"मी त्यानी माय शे, मनी सही काबर चालस नही?" रावेरची केळी असो की साक्रीचा कांदा, घरात मतिमंद किंवा सेरेब्रल पाल्सीचं (मेंदूच्या इजेमुळे हातापायांवर नीट ताबा नसलेलं) मूल सांभाळणाऱ्या आईवर हा प्रश्न विचारायची वेळ एकदा तरी येते. बाप वारला, सातबाऱ्यावर वारस म्हणून मुलाचं नाव लागलं, आणि सोसायटीच्या पीककर्जाला त्याची सही मागितली गेली. त्याला तर सही येत नाही.

यामागचा कायदा साधा आहे. अठरा वर्षं पूर्ण झाली की व्यक्ती सज्ञान होते आणि आईवडिलांचं पालकत्व संपतं. मूल स्वतःच्या हातानं घास घेऊ शकत नसलं तरीही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं पगार न घेता सांभाळणाऱ्या आईवडिलांना आणि नातेवाइकांना 'काळजीवाहक' म्हणून मान्यता दिली आहे, ती मोलाची आहे. पण त्या मान्यतेमुळे सहीचा अधिकार मिळत नाही. तो मिळतो 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालच्या पालकत्व प्रमाणपत्रातून. खान्देशात हा कागद फार थोड्या घरांना माहीत असतो, म्हणून इथे त्याबद्दलच सविस्तर लिहितो.

कुणासाठी, कुणी अर्ज करायचा

स्वमग्नता (ऑटिझम), सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता या चार प्रकारांतल्या, अठरा वर्षांवरच्या व्यक्तीसाठी हा अर्ज होतो. आईवडील दोघांनी मिळून करायचा. एक जण वारला असेल, घटस्फोट झाला असेल किंवा सोडून गेला असेल तर दुसऱ्यानं एकट्यानं केला तरी चालतो. दोघेही नसतील तर भाऊबहीण, मग इतर नातेवाईक, त्यानंतर नोंदणीकृत संस्था. आपल्या पसंतीच्या दुसऱ्या व्यक्तीचं नावही आईवडील पालक म्हणून सुचवू शकतात. साठी ओलांडलेल्या जोडप्यानं याचा आत्ताच विचार करावा. धाकट्या लेकीनंच भावाला सांभाळायचं ठरलं असेल तर तिचं नाव आजच पुढे करा.

कागदपत्रं

पहिला कागद युडीआयडी, म्हणजे दिव्यांगाचं ओळखपत्र. तो नसेल तर बाकी सगळं अडतं. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरून जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयात तपासणी करून घ्यायची. धडगाव-अक्कलकुव्याकडून नंदुरबारला यायचं म्हणजे अख्खा दिवस जातो, तेव्हा तपासणीचा वार आधी फोनवर विचारूनच निघा.

त्याशिवाय मुलाच्या वयाचा पुरावा, मुलाचं आणि पालक होणाऱ्याचं आधार कार्ड, रेशन कार्ड, फोटो आणि लागू असेल तर मृत्यूचा दाखला. मुलाच्या नावावर काही असेल तर सातबारा, 8-अ आणि पासबुकाची झेरॉक्स. सख्ख्या भावाबहिणींचं संमतिपत्र सोबत जोडलेलं बरं. शेतीत वाटा असलेल्या घरात हरकत येते ती तिथूनच.

अर्ज कुठे, पुढे काय

फॉर्म 'ए' भरून तो जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे द्यायचा. जळगाव, धुळे, नंदुरबार, जो आपला जिल्हा असेल तिथल्या जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात चौकशी करा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय निघू नका. समितीनं निदान तीन महिन्यांतून एकदा बसावं असं कायदा सांगतो. तारीख लांबत असेल तर हेच कलम, 13, लेखी अर्जात नमूद करून विचारणा करा.

समिती दोन गोष्टी पाहते: पालकाची गरज खरंच आहे का, आणि ती कशासाठी. म्हणून अर्जात नुसतं 'सांभाळण्यासाठी' लिहू नका. बँक खातं चालवणं, अनुदान काढणं, शेतीच्या कागदावर सही, उपचाराला संमती, जे हवं ते नेमकं लिहा.

प्रमाणपत्र मिळाल्यावर जबाबदारी सुरू होते, आणि हे खिडकीवर सहसा कोणी सांगत नाही. नेमणुकीपासून सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी समितीला द्यावी लागते. मग दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत, म्हणजे जूनअखेर, हिशेब. साध्या वहीत लिहून ठेवलेला जमाखर्च आणि पासबुकाची नोंद यांवरून तो तयार करता येतो, पण तो चुकवू नका. पालकानं हयगय केल्याची किंवा मालमत्तेचा गैरवापर केल्याची तक्रार आली तर समिती त्याला काढू शकते. जमीन विकायचा विषय निघाला तर आधी वकिलाचा सल्ला घ्या. महिलांना आणि दिव्यांगांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीत अर्ज करा.

बँकेनं प्रमाणपत्र नाकारलं तर सांगा की समितीचं पालकत्व प्रमाणपत्र ग्राह्य धरता येतं, असं रिझर्व्ह बँकेनं 2007 मध्येच बँकांना कळवलं आहे.

सोबत मिळणारं

कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50,000 रुपयांच्या आत असेल तर तहसीलमध्ये संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करा. दिव्यांगांना ऑक्टोबर 2025 पासून दरमहा 2,500 रुपये आहेत. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. एसटीत दिव्यांगाला 75 टक्के सवलत आहे, आणि दिव्यांगत्व 65 टक्क्यांच्या वर असेल तर साथीदाराचंही अर्धं तिकीट माफ.

जे या कायद्यात बसत नाहीत

अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेले वडील किंवा स्किझोफ्रेनियाचा भाऊ यांना हे प्रमाणपत्र लागू नाही. मानसिक आजारात रुग्ण स्वतः साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून उपचारांच्या निर्णयांसाठी आपला प्रतिनिधी नेमू शकतो, 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 14. बरं वाटत असतानाच हे करून ठेवा. आणि वडिलांना सही जमत नसली पण भान असलं, तर बँकेत अंगठ्याचा, तोही जमत नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. त्याला दोन साक्षीदार लागतात, त्यांतला एक बँकेचा अधिकारी असावा लागतो.