ट्रक माझा, परवाना कोणाचा?

महिनाअखेरीला हातात काही उरत नाही, क्रेडिट कार्डाची थकबाकी चढत चाललीय, घरभाडं तुंबलंय. अमेरिकेतला पगारी ट्रकचालक अशा अवस्थेत असतो तेव्हाच त्याच्यासमोर एक जाहिरात येते. क्रेडिट तपासणार नाही, डाउन पेमेंट नको, सही करा आणि आजपासून स्वतःच्या ट्रकचे मालक व्हा. ज्याच्या खिशात दमडी नाही त्यालाच मालकीचं इतकं आग्रहाचं निमंत्रण का, हा प्रश्न सही करण्याआधी पडायला हवा. उत्तरासाठी साधारण नव्वद वर्षं मागे जावं लागतं.

१९३०च्या महामंदीत बेकार माणसं उधारीवर जुने ट्रक घेऊन रस्त्यावर उतरली. इंधन आणि हप्ता सुटला तरी पुरे, अशा भावात ती माल न्यायची. भाव पडले. रेल्वे कंपन्या आणि मोठे वाहतूकदार वैतागले. १९३५ मध्ये ‘मोटर कॅरियर ॲक्ट’ आला आणि आंतरराज्य ट्रकवाहतूक ‘इंटरस्टेट कॉमर्स कमिशन’ या केंद्रीय नियामक संस्थेच्या, म्हणजे आयसीसीच्या ताब्यात गेली. धंद्यात आधीपासून असलेल्यांना परवाने मिळाले. नव्या माणसाला मात्र या मार्गावर आपली गरज आहे हे सिद्ध करावं लागे, आणि त्याला विरोध करायला जुने परवानाधारक हजर असत. कोणता माल, कोणत्या मार्गाने, हेसुद्धा परवान्यातच लिहिलेलं.

कायद्यात एक फट होती. प्रक्रिया न केलेला शेतमाल आणि जनावरं यांना परवाना लागत नव्हता. त्यामुळे एका ट्रकच्या मालकापुढे दोनच वाटा उरल्या. एक तर बटाटे-टोमॅटो वाहायचे आणि बहुतेकदा रिकामं परतायचं. नाहीतर ट्रक आणि आपण स्वतः, दोन्ही परवानाधारक कंपनीला लीजवर द्यायचे. तेव्हापासून ट्रक चालकाचा, पण दारावर नाव कंपनीचं, हे दृश्य रुळलं. एका खेपेपुरत्या लीजना लगाम घालण्यासाठी आयसीसीने किमान ३० दिवसांच्या लीजची अट घातली आणि १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. म्हणजे ‘ओनर-ऑपरेटर’, अर्थात मालक-चालक, हा शब्द ऐकून डोळ्यांसमोर जो मोकळा, स्वतंत्र माणूस येतो, तो जन्मापासूनच दुसऱ्याच्या परवान्याला बांधलेला होता.

पगारी चालकांचं त्या काळात बरं चाललं होतं. ‘टीमस्टर्स’ या चालकांच्या युनियनने जिमी हॉफाच्या नेतृत्वाखाली १९६४ मध्ये देशव्यापी करार केला आणि लाखो चालकांना मध्यमवर्गीय पगार मिळू लागला. मालक-चालक या छत्राबाहेर राहिले.

बाहेर राहण्याची किंमत १९७३ मध्ये कळली. तेलटंचाई आली, डिझेल महागलं, पंपांवर एका वेळी ठरावीक गॅलनच मिळू लागलं. पगारी चालकाचं डिझेल कंपनी भरायची, मालक-चालकाचं त्याच्याच खिशातून जायचं. भाडी आयसीसीच्या मंजुरीने ठरत असल्यामुळे ती लगेच वाढत नव्हती. डिसेंबर १९७३ मध्ये सीबी रेडिओवरून (ट्रकमध्ये बसवलेल्या, जवळपासच्या चालकांशी बोलायच्या रेडिओवरून) एकमेकांना हाक देत चालकांनी महामार्ग अडवले. पुढच्या फेब्रुवारीतल्या बंदनंतर इंधनासाठी ६ टक्के अधिभार मिळाला. ‘ओओआयडीए’ ही मालक-चालकांची संघटना याच धामधुमीतली, १९७३ची.

पुढच्या दोन घटना लागोपाठ घडल्या, म्हणून त्या एकत्र पाहायला हव्यात. १९७९ मध्ये आयसीसीने लीजचे नियम केले: करार लेखी हवा, प्रत्येक कपात आधी लिहिलेली हवी, कागदपत्रं दिल्यावर १५ दिवसांत पैसे, करार संपल्यावर ४५ दिवसांत अनामत परत, आणि कंपनीकडूनच अमुक वस्तू घ्या अशी सक्ती नाही. हे नियम आजही लागू आहेत. एवढं बारकाईने लिहावं लागलं, यावरूनच तोवर काय चालत असेल ते ओळखावं. मग १ जुलै १९८० रोजी अध्यक्ष कार्टर यांनी नव्या ‘मोटर कॅरियर ॲक्ट’वर सही केली. परवान्यांची भिंत कोसळली, दहा वर्षांत परवानाधारक वाहतूकदार सुमारे दुप्पट झाले. ज्या परवान्यासाठी चालक चाळीस वर्षं तरसले तो आता कोणालाही मिळू लागला, आणि म्हणूनच त्याची किंमत उरली नाही. भाडी घसरली, युनियनवाल्या कंपन्या बुडाल्या, पगारी नोकरीचा दर्जा खालावला.

नोकरी इतकी उतरली, तेव्हा मालकी पुन्हा आकर्षक दिसू लागली. पण बँक उभं करत नाही अशा चालकाकडे ट्रक येणार कुठून? इथे ‘लीज-पर्चेस’, म्हणजे ट्रक भाड्याने चालवत हप्त्याहप्त्याने विकत घेण्याचा करार, पुढे आला. ट्रक कंपनीचा किंवा तिच्याच भावंड-कंपनीचा, माल कंपनीचा, आणि दर आठवड्याचा हप्ता, विमा, डिझेल, दुरुस्ती ही सगळी कपात चालकाच्या बिलातून. खेपा कमी मिळाल्या की हप्ता मात्र तेवढाच, आणि खेपा किती द्यायच्या हे कंपनी ठरवते. काही आठवडे माणूस काम करूनही कंपनीचंच देणं लागतो. वर स्वयंरोजगार म्हणून १५.३ टक्के कर वेगळा. करार अर्धवट सुटला तर ट्रक परत जातो आणि पुढच्या चालकाच्या नावावर लागतो. मला विचाराल तर याला मालकी म्हणणं म्हणजे शब्दांचा खेळ आहे.

लॉस एंजेलिसच्या बंदरात हे फार उघडं झालं. हवा स्वच्छ करण्यासाठी ऑक्टोबर २००८ पासून तिथे जुन्या ट्रकांना टप्प्याटप्प्याने बंदी आली. उद्देश चांगलाच. पण नवा ट्रक घेणं त्या चालकांच्या आवाक्याबाहेरचं होतं. कंपन्यांनी ट्रक घेतले आणि चालकांना लीज-पर्चेसवर दिले. चालक कर्मचारी असावेत ही बंदराची अट पुढे न्यायालयात टिकली नाही.

बाजार मात्र अधूनमधून अशी लाट आणतो की जुनं सगळं विसरायला होतं. २०२०-२१ मध्ये घरबसल्या खरेदी वाढली, एकेका खेपेचे खुल्या बाजारातले भाव आकाशाला भिडले. हजारो चालकांनी महागडे जुने ट्रक कर्जाने घेतले आणि स्वतःचा परवाना काढला; त्याची फी तशी फक्त ३०० डॉलर. २०२२ मध्ये भाव खाली आले आणि त्याच जूनमध्ये डिझेल गॅलनला ५.८० डॉलरच्या वर गेलं. २०२३ मध्ये ट्रक चालवण्याचा सरासरी खर्च मैलाला सुमारे २.२७ डॉलर होता, असं ‘अमेरिकन ट्रान्सपोर्टेशन रिसर्च इन्स्टिट्यूट’चा अभ्यास सांगतो. त्यात चालकाची मजुरी धरलेली आहे. मालक-चालकाला ती आपल्याच खिशातून द्यायची असते, आणि तंगीत सगळ्यात आधी तीच कापली जाते.

न्यायालयं आणि संसद या प्रश्नाकडे उशिरा वळली. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरवलं की आंतरराज्य वाहतुकीतला चालक कागदोपत्री स्वतंत्र कंत्राटदार असला, तरी लवादाच्या केंद्रीय कायद्यातून वाहतूक कामगारांना असलेली सूट त्यालाही मिळते; म्हणजे तक्रार न्यायालयाऐवजी खाजगी लवादाकडे नेण्याची सक्ती त्या कायद्याखाली त्याच्यावर करता येत नाही. २०२१च्या पायाभूत सुविधा कायद्याने ट्रक लीजवर एक कृती गट नेमला. जानेवारी २०२५ मधल्या त्याच्या अहवालात कंपनीच्या ताब्यातल्या लीज-पर्चेस योजनांवर संसदेने बंदी घालावी अशी शिफारस आहे. बंदी ही शिफारसच आहे. सही करायला बसलेल्या चालकाच्या हाती आजही मुख्यतः १९७९चेच नियम आहेत, आणि त्यांच्या आधारे तो दोन गोष्टी नक्की मागू शकतो: कपातींची लेखी यादी आणि अनामत परत मिळण्याच्या अटी.